गाडी मोडली, मॉडेल टिकलं!

जुनी मोटार घ्यायची, तिची काटछाट करायची, दणकट इंजिन बसवायचं आणि सुसाट पळवायची. अमेरिकेतली ही ‘हॉट रॉड’ची हौस. पण शाळकरी पोरांना ती परवडणार कशी? त्यांची सोय झाली एड रॉथमुळे.

१९३२ साली कॅलिफोर्नियात जन्मलेला हा अवलिया फायबरग्लासच्या अचाट गाड्या घडवायचा. त्याच्या ‘बीटनिक बँडिट’ला तर छप्पर म्हणून चक्क पारदर्शक बुडबुडा! रेवेल कंपनीने या गाड्यांची प्लॅस्टिकची मॉडेल्स काढली, मूळ गाडीच्या एक पंचविसांश आकाराची. डब्यातले सुटे भाग, गोंदाची ट्यूब आणि थोडा धीर, की झाली टेबलावर हॉट रॉड तयार! डब्यामागे रॉथला मिळायचा एक सेंट.

१९६३ ची त्याची ‘मिस्टेरियन’ दोन इंजिनांची. ते वजन सांगाड्याला पेललं नाही, तो तडकला. पुढे ती गाडीच नाहीशी झाली. २००१ मध्ये रॉथही गेला. पण लहानपणी कुणीतरी बोटं चिकटवून घेत जोडलेली मिस्टेरियन अजून कपाटावर उभी आहे.