वाळूतून वाट काढणारा सुताराचा मुलगा : जीन सॅराझेन

कोलकात्याच्या दक्षिणेकडील टॉलीगंज भागात रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबचे मैदान आहे. १८२९ साली दमदम येथे स्थापन झालेला हा क्लब ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. पंचम जॉर्ज यांच्या १९११ मधील भारतभेटीच्या निमित्ताने त्याच्या नावाला ‘रॉयल’ हे बिरुद जोडले गेले. मैदान सपाट आहे. डोंगर-उतार नसल्यामुळे खेळाडूची परीक्षा पाहण्याचे काम येथील तळी आणि वाळूचे खड्डे करतात.

याच मैदानाची निगा राखणाऱ्या एका कर्मचाऱ्याचे चिरंजीव शिव शंकर प्रसाद चौरासिया येथेच हा खेळ शिकले आणि पुढे २००८ मध्ये दिल्लीतील इंडियन मास्टर्स, तर २०१६ आणि २०१७ मध्ये इंडियन ओपन या स्पर्धांचे विजेते ठरले. फार लांब फटका मारणारा खेळाडू अशी त्यांची ख्याती कधीच नव्हती. हिरवळीच्या आसपास चेंडू अलगद उचलून होलजवळ ठेवण्याचे त्यांचे कौशल्य मात्र असे, की सहकाऱ्यांनी आडनावाची मोडतोड करून त्यांना ‘चिपपुटसिया’ हे टोपणनाव दिले. चिप आणि पुट ही या खेळातील दोन नाजूक फटक्यांची नावे होत.

अशा खेळाडूंचा मोठा आधार म्हणजे सँड वेज हा दांडा. (मराठीत ‘क्लब’ म्हणजे संस्थाही आणि खेळावयाचे साधनही. अनुवादकाची त्यात नेहमी तारांबळ उडते, म्हणून येथे साधनाला दांडा असेच म्हटले आहे.) आज जगातील बहुतेक गोल्फपटूंच्या पिशवीत असलेल्या या दांड्याला आधुनिक रूप देण्याचे श्रेय जीन सॅराझेन या अमेरिकन खेळाडूकडे जाते. तेही मैदानावर दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारे एक गरीब मूल होते.

सॅराझेन यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९०२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या हॅरिसन या गावी झाला. जन्मनाव युजेनियो साराचेनी. आईवडील सिसिलीहून अमेरिकेत आलेले. वडील सुतारकाम करीत आणि मुलानेही हातात करवत-रंधा धरावा, अशी त्यांची इच्छा होती. वयाच्या आठव्या वर्षी युजेनियो जवळच्या गोल्फ क्लबात कॅडी म्हणून जाऊ लागला. श्रीमंतांच्या पिशव्या खांद्यावर घेऊन चालायचे आणि मिळालेली नाणी घरी आणून द्यायची, हा त्याचा दिनक्रम होता. घरची ओढगस्त वाढली तशी शाळाही सुटली. पहिल्या महायुद्धाच्या काळात वडिलांबरोबर ब्रिजपोर्ट येथे काम करीत असताना त्याला फुप्फुसाचा गंभीर विकार जडला. मृत्यूच्या दारातून परतलेल्या या मुलाने बंद जागेतील धुळीचे काम सोडून मोकळ्या हवेत राहावे, असा सल्ला डॉक्टरांनी दिला. वडिलांच्या मनाविरुद्ध गोल्फकडे जाण्यास त्याला एवढे कारण पुरेसे झाले.

नाव बदलण्यामागचे कारण मोठे गमतीचे आहे. एका होलवर त्याने पहिल्याच फटक्यात चेंडू घालविला आणि वृत्तपत्रात नाव छापून आले. ते वाचताना हे नाव गोल्फपटूपेक्षा एखाद्या व्हायोलिनवादकाला अधिक शोभेल, असे त्याला वाटले. त्यातून जीन सॅराझेन हे नवे नाव जन्मास आले.

उंची जेमतेम साडेपाच फूट आणि हात लहान; तरीही १९२२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकन ओपन जिंकली. त्याच वर्षी अमेरिकन पीजीए स्पर्धाही त्यांनी जिंकली आणि १९२३ मध्ये वॉल्टर हेगन यांच्यासारख्या बलाढ्य खेळाडूला ३८ होलपर्यंत झुंजवून ती राखली. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील ट्रून येथे ब्रिटिश ओपनसाठी ते गेले तेव्हा मात्र पात्रता फेरीतच बाद झाले. त्यानंतर नऊ वर्षे मोठ्या स्पर्धांच्या विजेतेपदाने त्यांना हुलकावणी दिली. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत तीन मोठी विजेतेपदे मिळविणाऱ्या खेळाडूचा भर ओसरला, असे कोणीही म्हणू शकले असते.

या काळात त्यांना सर्वाधिक सतावत होती ती वाळू. गोल्फच्या मैदानात हिरवळीभोवती मुद्दाम खड्डे खणून त्यांत वाळू भरलेली असते. त्यांना बंकर म्हणतात. (बातम्यांचे भाषांतर करणाऱ्यांना हा शब्द आला की प्रथम युद्धाचीच आठवण होते, आणि त्या काळच्या गोल्फपटूंनाही ती झाली असेल तर नवल नाही.) खड्ड्यातून चेंडू काढण्यासाठी तेव्हा निब्लिक नावाचा लोखंडी दांडा वापरीत. त्याचा तळ पातळ आणि धारदार असे. वाळूवर तो मारला की कुदळीसारखा आत रुतून बसे आणि चेंडू जागचा हलत नसे. रुतू नये म्हणून वरून मारावे तर चेंडू सुसाट वेगाने हिरवळीच्या पलीकडे जाई. उत्तमोत्तम खेळाडूही खड्ड्यातून एका फटक्यात बाहेर पडण्याची खात्री देऊ शकत नसत.

यावर उपाय शोधणारे सॅराझेन हे पहिलेच नव्हेत. टेक्सासमधील एडविन मॅक्लेन यांनी १९२८ मध्ये वाळूसाठी खास दांड्याचे पेटंट घेतले होते. त्याचा दर्शनी भाग पळीसारखा खोलगट होता. बॉबी जोन्स यांनी १९३० मध्ये ब्रिटिश ओपन जिंकताना तसा दांडा वापरला होता. परंतु तो चेंडूला दोनदा स्पर्श करतो या कारणावरून १९३१ मध्ये नियमबाह्य ठरविण्यात आला. सॅराझेन यांनी चेंडूला लागणाऱ्या भागाऐवजी तळाकडे लक्ष दिले, हे त्यांचे वेगळेपण.

ही कल्पना त्यांना विमानात सुचली, असे ते सांगत असत. हॉवर्ड ह्यूजेस या धनाढ्य वैमानिकाबरोबर उड्डाण करताना, शेपटीचा भाग खाली दबतो तेव्हा विमानाचे नाक वर उचलले जाते, हे त्यांनी पाहिले. दांड्याच्या तळाची मागची बाजू पुढच्या कडेपेक्षा खाली असेल तर तोही वाळूत न रुतता वर उचलला जाईल, असे त्यांच्या मनात आले. १९३१ च्या हिवाळ्यात फ्लोरिडातील न्यू पोर्ट रिची येथील मुक्कामी त्यांनी निब्लिकच्या तळाशी शिशाचा डाख चढविण्यास प्रारंभ केला. डाख द्यायचा, कानशीने घासायचा, वाळूत जाऊन मारून पाहायचे आणि पुन्हा डाख द्यायचा, असा तो उद्योग होता. सुताराच्या घरात वाढलेल्या हाताचा त्यात मोठा वाटा असावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या दांड्याने चेंडूला मारावयाचेच नसते. फळी थोडी उघडी ठेवून चेंडूच्या दोन-तीन बोटे मागे वाळूवर प्रहार करायचा. जाडसर तळ वाळूवरून घसरत पुढे जातो आणि उसळलेल्या वाळूच्या गादीवर बसून चेंडू अलगद बाहेर येतो.

१९३२ मध्ये सॅराझेन हा दांडा घेऊन इंग्लंडमधील सँडविच येथे ब्रिटिश ओपनसाठी गेले. खोलगट दांड्यावरील बंदी ताजी होती. अधिकाऱ्यांच्या नजरेस पडला तर आपलाही दांडा जाईल या भीतीने ते तो सरावाच्या वेळी पिशवीत उलटा ठेवीत आणि संध्याकाळी कोटाखाली लपवून हॉटेलवर नेत. त्यांच्या सोबतीला स्किप डॅनियल्स हा वृद्ध कॅडी होता. मरण्यापूर्वी तुम्हाला ही स्पर्धा जिंकून देईन, असा शब्द त्याने सॅराझेन यांना चार वर्षांपूर्वी दिला होता. दृष्टी अधू झालेल्या या म्हाताऱ्याला सॅराझेन यांनी आधी नाकारले आणि एका तरुण कॅडीला घेतले. सराव बिघडू लागला तेव्हा त्यालाच परत बोलावले. लहानपणी स्वतः पिशव्या वाहिलेल्या माणसाने त्याला दाराबाहेर उभे करावे, हे वाचताना मन खट्टू होते. डॅनियल्सने शब्द खरा केला. सॅराझेन २८३ फटक्यांचा तोवरचा विक्रम करून पाच फटक्यांच्या आघाडीने जिंकले. त्यानंतर काही महिन्यांतच डॅनियल्सचे निधन झाले.

त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या फ्रेश मेडो मैदानावर सॅराझेन यांनी अमेरिकन ओपनही दुसऱ्यांदा जिंकली. अखेरचे २८ होल त्यांनी अवघ्या १०० फटक्यांत पूर्ण केले. पुढे विल्सन कंपनीने हा दांडा बाजारात आणला आणि तो सर्वांचा झाला.

त्यातून निर्माण झालेले वेज दांड्यांचे कुटुंब आज चांगलेच विस्तारले आहे. पिचिंग वेजच्या फळीचा कल साधारण ४५ ते ४८ अंश, गॅप वेजचा ५० ते ५२, सँड वेजचा ५४ ते ५६ आणि लॉब वेजचा ५८ ते ६० असतो. कल जितका अधिक तितका चेंडू उंच जातो आणि पडल्यावर कमी धावतो. एका खेळाडूला १४ पेक्षा अधिक दांडे बाळगता येत नाहीत, त्यामुळे यांपैकी किती घ्यावेत हा प्रत्येकाचा हिशेब असतो. दोन वेजमध्ये चार ते सहा अंशांचे अंतर राखावे, हा सर्वमान्य संकेत आहे.

नवशिक्यांचे दुर्लक्ष होते ते बाउन्सकडे. तळाची मागची बाजू पुढच्या कडेपेक्षा किती अंश खाली आहे, याचे हे माप असून सॅराझेन यांचा डाख म्हणजे हेच. गंगेच्या गाळावर वसलेल्या कोलकात्यात त्याचे महत्त्व विशेष जाणवते. पावसाळ्यात भुसभुशीत झालेल्या जमिनीत आणि मऊ वाळूत दहा अंशांहून अधिक बाउन्सचा दांडा तारतो. हिवाळ्याच्या अखेरीस जमीन कोरडी आणि टणक होते तेव्हा तोच आपटून उसळतो आणि चेंडूच्या डोक्यावर बसतो. अशा वेळी चार ते सहा अंश पुरेसे होतात. हिरवळीपर्यंत मोकळी वाट असेल तर उंच उडविण्याचा मोह टाळून कमी कलाच्या दांड्याने चेंडू घरंगळत न्यावा, तेच अधिक भरवशाचे. लॉब वेज दिसायला सुंदर, पण चुकीला क्षमा न करणारा आहे.

सॅराझेन यांनी १९३३ मध्ये तिसऱ्यांदा पीजीए स्पर्धा जिंकली. १९३५ मध्ये ऑगस्टा येथील, पुढे मास्टर्स म्हणून प्रसिद्धीस आलेल्या स्पर्धेत, पंधराव्या होलवर सुमारे २३५ यार्डांवरून त्यांनी मारलेला फटका थेट होलमध्ये गेला. त्या बळावर त्यांनी क्रेग वुड यांची बरोबरी गाठली आणि दुसऱ्या दिवशीच्या ३६ होलच्या निर्णायक लढतीत विजय मिळविला. चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारे ते पहिले खेळाडू ठरले. न्यूयॉर्क राज्यात त्यांनी शेती घेतली, त्यावरून ‘स्क्वायर’ म्हणजे जमीनदार हे टोपणनाव त्यांना मिळाले. १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीवरील गोल्फ मालिकेचे निवेदक म्हणून ते घरोघरी पोहोचले.

१९७३ मध्ये ब्रिटिश ओपन पुन्हा ट्रूनला होती. पन्नास वर्षांपूर्वी पात्रता फेरीत बाद झालेले सॅराझेन ७१ व्या वर्षी तेथे निमंत्रित म्हणून उतरले. आकाराने चिमुकली म्हणून ‘पोस्टेज स्टॅम्प’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या आठव्या होलच्या हिरवळीवर पहिल्या दिवशी त्यांचा पहिलाच फटका होलमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी त्याच होलवर त्यांचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला, आणि तेथून दुसऱ्या फटक्यात थेट होलमध्ये पोहोचला. दोन दिवसांत तीन फटके, आणि पटर पिशवीतच राहिला.

ऑगस्टा येथे स्पर्धेचा मानाचा पहिला फटका मारण्याचा मान ते अखेरपर्यंत स्वीकारत राहिले. एप्रिल १९९९ मध्येही त्यांनी तो मारला. त्यानंतर महिनाभराने, १३ मे १९९९ रोजी, फ्लोरिडातील नेपल्स येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ९७ वर्षांचे होते.