अबू रैहान अल-बेरूनी आणि नदीतील गोटे

वडूजच्या आमच्या मकतबमध्ये सूरह नबाचा अर्थ सांगताना पर्वत हे मेखांसारखे आहेत, येथपर्यंत मी आलो होतो. पर्वतांची मुळे भूगर्भात खोल गेलेली असतात, हे आजच्या भूशास्त्राचे म्हणणेही मी उत्साहाने जोडून दिले. तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले की, मग सह्याद्रीच्या कुशीतले कोयनानगर 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे का हादरले? मी निरुत्तर झालो. त्या रात्री मला अल-बेरूनी (रहमतुल्लाह अलैह) आठवले.

त्यांचा जन्म इ. स. 973 मध्ये ख्वारिज्ममध्ये झाला. 1017 साली महमूद गझनवीने तो प्रांत जिंकला आणि या विद्वानास गझनीस नेले. मानाने की कैदेत, हे सांगणे कठीण. मात्र त्यांची लेखणी कैदेत गेली नाही. महमूदच्या स्वाऱ्यांनी हिंदची भरभराट उद्ध्वस्त झाली, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले.

गझनीहून किब्ल्याची दिशा अचूक काढावी, या दीनी गरजेतून त्यांनी शहरांमधील अंतरे आणि स्थाने मोजण्यावर ग्रंथ रचला. पंजाबातील नंदना किल्ल्याजवळ त्यांनी एका डोंगराची उंची मोजली, शिखरावरून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते तो कोन घेतला (तो जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडा अधिक भरला) आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. साधने म्हणजे एक कोनमापक आणि गणित!

ते संस्कृत शिकले, पंडितांजवळ बसले. हिंदच्या भूमीकडे त्यांनी कसे पाहिले, ते तर आपल्यासाठी फारच मोलाचे आहे. जमीन खणल्यावर निघणारे गोटे त्यांनी न्याहाळले. पर्वतांजवळ, जेथे नद्यांना ओढ असते, तेथे ते मोठे. दूर जावे तसे लहान. आणि समुद्राजवळ नुसती वाळू. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, हे मैदान एके काळी समुद्र असावा आणि नद्यांच्या गाळाने तो भरत गेला असावा. आपल्या येरळेच्या पात्रात उभे राहून हे आठवून पाहा.

लक्षात घ्या, हा निष्कर्ष त्यांनी एखाद्या आयतीतून ओढून काढला नाही. आकाश आणि पृथ्वीविषयीच्या आयतींना ओढूनताणून अर्थ लावण्याची गरजच पडत नाही, असे त्यांचे मत होते. पर्वत कसे रोवले आणि भूमी कशी पसरली, ते पाहा, असे सूरह गाशियह आपणास सांगते. ते त्यांनी पाहिले. आम्ही मात्र पाहण्याऐवजी मोबाईलवर आलेले चलच्चित्र पुढे पाठवतो, आणि उद्या शास्त्राचे मत बदलले की मुलांच्या ईमानाला धक्का बसतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्यापुढे माझी घाई कबूल केली. कोयनेच्या भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ धरणाच्या जलाशयाशी जोडतात, एवढे वाचून गेलो होतो, तेही सांगितले.

अल-बेरूनींचे निधन 1048 च्या सुमारास गझनीत झाले. सांगतात की, अखेरच्या घटका मोजत असताना एक फकीह भेटीस आले, तेव्हा त्यांनी वारसाहक्काचा एक अवघड मसला विचारला. अशा अवस्थेत कशाला, असे फकीह म्हणाले. न जाणता जाण्यापेक्षा जाणून गेलेले बरे, असे त्यांचे उत्तर होते. फकीहांनी मसला समजावला, अल-बेरूनींनी तो पुन्हा म्हणून दाखवला. फकीह रस्त्यावर पोहोचतात न पोहोचतात तोच घरातून रडण्याचा आवाज आला.