इंद्रायणीच्या डोहाकाठी

पुण्याच्या वायव्येस इंद्रायणी नदीच्या काठी देहू नावाचे गाव आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी या गावात बोल्होबा मोरे नावाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ राहत असत. गावची महाजनकी त्यांच्या घराण्यात चालत आलेली होती. घरी शेती होती, दुकान होते, सावकारी होती आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पंढरीची वारीही होती. बोल्होबा व कनकाई या दांपत्याच्या तीन पुत्रांपैकी मधले ते तुकाराम. त्यांचा जन्म १६०८ साली झाला, असे सामान्यतः मानतात.

थोरले बंधू सावजी हे मुळापासूनच विरक्त होते. त्यांनी प्रपंचात लक्ष घातले नाही; म्हणून दुकानाचा भार तेराव्या वर्षीच तुकोबांच्या खांद्यावर आला. मुलांनो, हे वय तुमचेच की! तुकोबा व्यवहारात पहिल्यापासून कच्चे होते, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु तो खरा नव्हे. आरंभीची चार वर्षे त्यांनी देणेघेणे उत्तम सांभाळले. पुढे मात्र संकटांची रांग लागली. आईवडील निवर्तले. सावजींची पत्नी वारली आणि सावजी तीर्थयात्रेला म्हणून जे गेले, ते परतलेच नाहीत.

अशातच १६३० च्या सुमारास दख्खनात भयंकर दुष्काळ पडला. पावसाने पाठ फिरविली, विहिरी आटल्या, दावणीची गुरे मेली, गावेच्या गावे ओस पडली. ज्यांनी सावकाराकडून कर्ज घेतले होते, त्यांच्या घरात दाणा नाही. मग ते फेडणार कोठून? तुकोबांचे दुकान बसले, दिवाळे निघाले, गावातील पतही गेली. त्यांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून मरण पावली. पाठोपाठ चिमुकला संतूही गेला. ज्या घरात काल-परवापर्यंत धान्याच्या राशी होत्या, त्या घरात माणसे भुकेने मरावीत, याचा तुकोबांना विलक्षण धक्का बसला. आपले म्हणून जे जे धरून ठेवले, त्यांतले काहीच आपल्यापाशी राहिले नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

ते कोणास न सांगता भामनाथाच्या डोंगरावर निघून गेले आणि तेथे अन्नपाणी सोडून ईश्वरचिंतनात बसले. धाकटा भाऊ कान्होबा त्यांना रानोमाळ शोधीत होता. अखेर भाऊ सापडला. दोघे इंद्रायणीच्या काठी आले, तेव्हा तुकोबांनी कान्होबाला घरातील कर्जखतांचे गाठोडे आणावयास सांगितले.

खत म्हणजे कर्जाचा कागद. कोणी किती रक्कम नेली, व्याज किती, तारण काय, हे त्यावर लिहिलेले असे. सावकाराचे धन तिजोरीत असते त्याहून अधिक या कागदांत असते. दुष्काळ ओसरला, पीकपाणी आले, की याच कागदांच्या आधारे वसुली करून तुकोबांना पुन्हा उभे राहता आले असते. पण वसुली करावयाची ती कोणाकडून? दुष्काळातून कसेबसे वाचलेल्या कुळांकडूनच ना!

तुकोबांनी ते कागद नदीत सोडावयाचे ठरविले. कान्होबाला हे मानवले नाही. त्यालाही संसार होता. या ठिकाणी तुकोबांनी जे केले, ते मला फार मोलाचे वाटते. त्यांनी भावाला वैराग्याचा उपदेश केला नाही. खतांचे दोन सारखे वाटे केले आणि एक वाटा त्याच्या स्वाधीन केला. दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूवर पाणी सोडणे, हा काही त्याग नव्हे. आपल्या वाट्याचे कागद तेवढे त्यांनी इंद्रायणीच्या डोहात सोडून दिले. कुळे ऋणमुक्त झाली.

त्यानंतर त्यांनी पडझड झालेल्या वाडवडिलांच्या विठ्ठलमंदिराची दुरुस्ती केली आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात चिंतन सुरू केले. या काळात घराचा गाडा ओढला तो दुसरी पत्नी जिजाई हिने. ती पुण्याच्या सधन गुळवे घराण्यातील लेक. लोकांनी तिला उगीचच कजाग ठरविले आहे. घरात मुले उपाशी, हातात पैसा नाही, आणि नवऱ्याने मिळेल ते गरजवंताला द्यावे; अशा स्थितीत तोंडातून चार कठोर शब्द निघाले, तर नवल काय? तरीही उन्हातान्हात भाकरी घेऊन ती डोंगर चढत असे आणि नवरा जेवल्यावाचून आपण जेवत नसे, असे सांगतात.

शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणाही तुकोबांनी परत केला, अशी कथा आहे. धनाचा मोह तर केव्हाच सुटला होता. परंतु अजून एक कसोटी उरली होती. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांना तुकोबांनी मराठीतून वेदार्थ सांगणे मान्य नव्हते. त्यामुळे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. नदी तीच, कागदही तसेच. पण खते सोडताना जे मन डगमगले नव्हते, ते या वेळी व्याकूळ झाले. तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसून राहिले. वह्या कोरड्याच वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून ते तरले, असेही काही अभ्यासक मानतात. पुढे रामेश्वरभट्ट स्वतःच तुकोबांचे शिष्य झाले.

१६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा हे जग सोडून गेले. त्या वेळी कान्होबाच्या शोकाला सीमा राहिली नाही. एकेकाळी आपला वाटा मागून घेणाऱ्या या भावाने थेट विठ्ठलाशी भांडण मांडले आणि आपला भाऊ परत मागितला. त्याचे ते अभंग तुकोबांच्या गाथेतच आपल्याला वाचावयास मिळतात.