रब्बी मनश्शे बेन इस्राएल

पोटासाठी देश सोडण्याची वेळ विद्वानांवरही येते. मनश्शे बेन इस्राएल यांचा जन्म 1604 साली एका पोर्तुगीज यहुदी कुटुंबात झाला. इन्क्विझिशनच्या छळामुळे हे कुटुंब हॉलंडात आले. मनश्शे ॲमस्टरडॅमला रब्बी झाले व 1626 साली त्यांनी हिब्रू छापखाना काढला. 1639 साली तेथील तीन मंडळ्या एक झाल्या. तेव्हा रब्बी मोर्टेरा यांस वर्षाला 600 गिल्डर, तर यांस अवघे 150 मिळू लागले. एवढ्यात संसार कसा चालतो, हे आम्हां शिक्षकांस कोणी सांगावयास नको. त्यांनी व्यापारासाठी ब्राझीलला जाण्याचे ठरविले. पण ते घडले नाही. 1644 साली पेरेरा बंधूंच्या येशिवाचे ते प्रमुख झाले.

1655 साली ते लंडनला गेले, ते मात्र पोटासाठी नव्हे. 1290 साली इंग्लंडातून हाकललेल्या यहुद्यांस पुन्हा थारा मिळावा, म्हणून त्यांनी क्रॉमवेलकडे अर्ज केला. व्हाइटहॉलला परिषद भरली. निर्णय झाला नाही. पुढे 100 पौंडांचे वर्षासन मंजूर झाले, पण हाती पडले नाही. 1657 साली लंडनातच मुलगा शमुवेल वारला. त्याचे शव घेऊन ते परतले आणि त्याच नोव्हेंबरात मिडलबर्ग येथे वारले.

तरी 1656 सालीच लंडनच्या यहुद्यांनी प्रार्थनेसाठी घर भाड्याने घेतले होते. आज लंडनला नोकरीस गेलेल्या आपल्या मुलांना शब्बाथास सिनेगॉग मिळते, त्यात या रब्बींच्या खटपटीचाही वाटा आहे.