आकड्यांनी भांडणारा माणूस

मवाळ म्हणून हिणवले गेलेले गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळात पंधराएक वर्षं नेमकं काय करत होते?

मतदान झालं. बाजूने १३, विरोधात ३८. मार्च १९१२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात एक विधेयक असं आपटलं. मागणी अगदी साधी होती : सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं करायचं. तेही एकदम देशभर नाही, तर जिथली नगरपालिका किंवा लोकल बोर्ड तयार असेल तिथेच. ज्या बापाची कमाई महिन्याला दहा रुपयांहून कमी, त्याच्या पोराला फी माफ. तरीही सरकार नको म्हणालं, आणि बडे जमीनदारही नको म्हणाले. गरिबाचं पोर शाळेत गेलं तर शेतात राबायला कोण येणार, ही त्यांची खरी चिंता.

विधेयक मांडणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना निकाल आधीच माहीत होता. सभागृहात सरकारी सदस्यांचंच बहुमत होतं. मग हरणार हे ठाऊक असताना माणूस वर्षभर गावोगाव पाठिंबा गोळा करत का फिरतो? याचं उत्तर त्यांच्या आयुष्यातच आहे.

आठ रुपयांचं शिक्षण

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळच्या कोतळूकचा. वडील कागल संस्थानात साधी नोकरी करायचे. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते गेले. मोठा भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागला. पगार पंधरा रुपये, त्यातले आठ तो धाकट्याच्या शिक्षणाला पाठवायचा. घरी उरायचे सात. एकाने शाळा सोडायची तेव्हा दुसरा शिकणार, हे गणित आपल्या शहापूर-मुरबाडच्या कितीतरी घरांना नवीन नाही.

गोपाळ १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए झाला. वय अठरा. मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती, पण तो पुण्याला शिक्षक झाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य म्हणून पंचाहत्तर रुपयांवर फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागला. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जे वाट्याला येईल ते. त्याचं अंकगणिताचं पुस्तक पुढे शाळाशाळांत लागलं.

याच काळात न्यायमूर्ती रानडे भेटले. रानड्यांची तालीम कडक. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे तपासायचे, एक शब्दही पुराव्याशिवाय लिहायचा नाही.

एक माफी

१८९७ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, ते लंडनला वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल साक्ष द्यायला गेले. ती उत्तम झाली. पण त्याच मुक्कामात पुण्यातून पत्रं आली. प्लेगच्या झडत्या घेताना गोरे सोल्जर लोकांवर अत्याचार करतात, असं त्यांत होतं. गोखल्यांनी ते तिथे जाहीर केलं. परतल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगितली असती तर ती माणसं गोत्यात आली असती. गोखल्यांनी नावं दिली नाहीत, सगळा दोष स्वतःकडे घेतला आणि जाहीर माफी मागितली. देशभर छी-थू झाली. माणूस संपला, असंच अनेकांना वाटलं.

पण दोन वर्षांत, १८९९ मध्ये, ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले.

मिठापासून सातबाऱ्यापर्यंत

तिथे १९०१ मध्ये जमीन महसुलाचं विधेयक आलं. सारा थकला म्हणून जप्त केलेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा, गहाण ठेवण्याचा हक्क सरकार काढून घेणार होतं. सावकारापासून शेतकऱ्याला वाचवतो, असं सरकारचं म्हणणं. गोखले म्हणत होते की हक्क काढून नाही, तर स्वस्त कर्ज देऊन शेतकरी वाचेल. कुणी ऐकेना, तेव्हा फिरोजशहा मेहतांबरोबर हा मवाळ माणूस सभागृहातून उठून बाहेर पडला. आज सातबाऱ्यावर नवीन शर्त असा शेरा दिसतो ना? जमीन आपली, पण परवानगीशिवाय विकता येत नाही, या कल्पनेचं मूळ त्या काळातल्या कायद्यात आहे.

१९०२ पासून ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले आणि मरेपर्यंत तिथे राहिले. तेव्हा बजेटवर सदस्यांना नुसतं बोलता यायचं, मत देता यायचं नाही. गोखल्यांनी बोलण्याचंच हत्यार केलं. पहिल्याच बजेट भाषणात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. तिजोरीत शिल्लक पडतेय आणि दुष्काळातून उठलेला माणूस मिठावर कर भरतोय, हे कसं? कर होता मणामागे अडीच रुपये. १९०३ मध्ये तो दोन झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. एकट्या गोखल्यांमुळे झालं असं नाही, पण दरवर्षी तोच मुद्दा नवे आकडे घेऊन उभा राहायचा.

१९१० मध्ये त्यांच्या ठरावामुळे नाताळला मजूर करारावर नेणं बंद करायची तयारी सरकारने दाखवली, आणि पुढच्या वर्षी ते बंद झालं. १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेला गेले. तिथे त्यांच्या सोबत फिरणारे बॅरिस्टर गांधी त्यांना गुरू मानत.

दोन्हीकडून मार

१९०५ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९०७ मध्ये सुरतेला पक्ष फुटला. टिळकांना मानणाऱ्या तरुणांना गोखले घाबरट वाटायचे. सरकारी गुप्तहेर मात्र त्यांच्यावरही पाळत ठेवून असायचे. त्यांच्या मार्गाची मर्यादा खरीच होती. अर्ज-विनंत्यांनी साम्राज्य हलत नाही, हे पुढे सिद्धच झालं. पण त्या सभागृहात सरकारला दरवर्षी हिशेब विचारण्याची सवय कुणी तरी लावायची होती. ती त्यांनी लावली. १९१४ मध्ये सरकारने सर ही पदवी देऊ केली, ती त्यांनी नाकारली.

मधुमेहाने शरीर पोखरलं होतं. १९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यात ते गेले, तेव्हा वय फक्त ४८. आयुष्यभर विरोधात लढलेल्या टिळकांनी स्मशानात त्यांना आदरांजली वाहिली.

मागे काय राहिलं?

१२ जून १९०५ ला गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला होता. तुटपुंज्या मानधनावर जन्मभर देशाचं काम करायचं, ही अट. १९१४ मध्ये मुंबई महापालिकेतली इंजिनीअरची नोकरी सोडून एक गृहस्थ त्यात आले आणि पुढे आदिवासींमध्ये राहिले. ते ठक्कर बाप्पा. आपल्या पाड्यांवर रस्ता किंवा समाजमंदिर होतं, तेव्हा ज्या योजनेचं नाव बोर्डावर असतं, ते हेच.

आणि ते पडलेलं विधेयक? १९१८ मध्ये मुंबई प्रांतात नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाची मुभा देणारा कायदा विठ्ठलभाई पटेलांनी करून घेतला. केंद्राचा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, म्हणजे त्या मतदानानंतर ९८ वर्षांनी. तेव्हा सहा ते दहा मागितलं होतं, आता सहा ते चौदा मिळालं, आणि मुलींसकट.

मित्रांनो, हक्क कागदावर आला म्हणून काम संपलं नाही. वीटभट्टीवर आई-बापासोबत गेलेलं पोर दिवाळीनंतर वर्गात दिसत नाही, हे आपल्या तालुक्यांत कुणाला माहीत नाही? ग्रामसभेत त्याबद्दल बोलायला उठाल, तेव्हा नुसतं चिडून बोलू नका. किती पोरं, कुठल्या पाड्याची, किती महिने गैरहजर, हे लिहून न्या. समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं.