पाच वेधशाळांचे निर्माते : महाराज सवाई जयसिंग

उज्जयिनीच्या नैऋत्येस क्षिप्रेच्या तीरी जी जुनी वेधशाळा उभी आहे, तिला लोक जंतरमंतर या नावाने ओळखतात. महाकाळाचे दर्शन झाले की पाहुण्यांना आम्ही तेथे आवर्जून नेतो. परंतु ही वास्तू एकटी नव्हे, ती पाच भगिनींपैकी एक आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. एकाच राजाने एकाच कार्यासाठी पाच नगरांत पाच वेधशाळा का उभारल्या, याचे उत्तर त्या राजाच्या चरित्रातच आहे.

सवाई जयसिंगांचा जन्म ३ नोव्हेंबर १६८८ रोजी आंबेर येथे झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी त्यांच्या मस्तकी राज्यभार आला. लवकरच औरंगजेबाच्या आज्ञेने त्यांना दक्षिणेत यावे लागले, आणि १७०२ मध्ये विशाळगडाच्या वेढ्यात हा कोवळा राजा मोगलांच्या बाजूने लढला. पुढे १७१३ मध्ये ते माळव्याचे सुभेदार झाले व उज्जयिनीशी त्यांचा संबंध जडला. १७२७ मध्ये त्यांनी जयपूर नगरी वसविली. मराठ्यांशी त्यांनी कधी युद्ध केले, तर कधी सलोखा राखला. १७४१ मध्ये माळव्याच्या नायब सुभेदारीची सनद पेशव्यांना मिळाली, ती त्यांच्याच मध्यस्थीने.

अशा धामधुमीच्या आयुष्यातही त्यांचे चित्त रमले ते आकाशात. जुन्या सारण्यांवरून काढलेली ग्रहांची स्थाने व प्रत्यक्ष आकाशात दिसणारी स्थाने यांत अंतर पडते, हे त्यांच्या लक्षात आले. ग्रहणाची वेळ चुकली तर पंचांग चुकते, आणि पंचांग चुकले तर सणवार व मुहूर्तही चुकतात. म्हणून त्यांनी प्रथम पितळेची यंत्रे करविली. पण ती आकाराने लहान पडत, त्यांचे आस झिजत, मध्यबिंदू सरकत. तेव्हा महाराजांनी चुना व दगड यांची प्रचंड यंत्रे दिल्लीत बांधविली. जयपूरचे सम्राट यंत्र तर सुमारे २७ मीटर उंच आहे. या कामी जगन्नाथ सम्राट या पंडितांचे मोठे साहाय्य झाले. ते महाराष्ट्रीय होते, असे मानले जाते. युक्लिड व टॉलेमी यांचे ग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणले.

दिल्लीचे यंत्र कितीही मोठे असले तरी त्याच्या खरेपणाची साक्ष कोण देणार? या विचाराने महाराजांनी जयपूर, उज्जयिनी, मथुरा व वाराणसी येथेही वेधशाळा उभारल्या. उज्जयिनीची निवड सार्थ होती. प्राचीन सिद्धांतग्रंथांची मध्यरेखा याच नगरीतून जाते. दिल्ली उज्जयिनीच्या उत्तरेस सुमारे साडेपाच अंशांवर आहे. म्हणून मध्यान्ही सूर्याची उंची दिल्लीपेक्षा उज्जयिनीस बहुतेक सर्व दिवशी तितकीच अधिक भरली पाहिजे. न भरल्यास दोहोंपैकी एका ठिकाणी चूक आहे असे समजावे, आणि ती कोठे आहे हे तिसऱ्या वेधशाळेस विचारावे. या सर्व वेधांच्या आधारे जो फारसी ग्रंथ सिद्ध झाला, त्याचे नाव झीज-ए-मुहम्मदशाही.

आजच्या संगणकातही हीच दूरदृष्टी आढळते. संगणकातील माहिती ज्या डिस्कवर साठविलेली असते, ती डिस्क केव्हातरी बिघडणारच. म्हणून तीच माहिती दोन डिस्कवर लिहितात. एक गेली तरी दुसरी राहते. याहून चतुर अशीही एक रीत आहे. एका डिस्कवर ७ हा अंक व दुसरीवर ५ असेल, तर तिसरीवर त्यांची बेरीज १२ ठेवावी. दुसरी डिस्क नष्ट झाली तरी १२ मधून ७ वजा करताच हरवलेला ५ परत मिळतो. प्रत्यक्षात बेरजेचा प्रकार थोडा निराळा असतो, पण मर्म हेच. १९८८ मध्ये अमेरिकेतील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ यांनी अशा रीतींची पद्धतशीर मांडणी केली. ‘रेड’ या नावाने ती प्रसिद्ध आहे.

मात्र येथे एक भेद विसरता कामा नये. डिस्क जे लिहाल त्याचीच नक्कल ठेवते; चुकीचे लिहिले तर चूकच दोनदा जपली जाते. शिवाय साऱ्या डिस्क एकाच खोलीत असल्या तर एकाच आगीत त्या भस्म होतात. जयसिंगांच्या वेधशाळा दूरदूरच्या नगरांत होत्या आणि प्रत्येक वेधशाळा आकाशाकडे स्वतंत्रपणे पाहत होती. महाराजांचा हेतू पडताळ्याचा होता, पण त्यातून रक्षणही आपोआप साधले. १८५७ च्या थोडे आधी मथुरेची वेधशाळा पाडली गेली व तिचा मागमूसही उरला नाही. तरी उरलेल्या चार आजही उभ्या आहेत.

महाराज २१ सप्टेंबर १७४३ रोजी निवर्तले. गादीसाठी पुत्रांत कलह माजला आणि वेधांचे काम मागे पडत गेले. दगड पाच ठिकाणी होते, पण त्या कार्याची तळमळ बाळगणारा राजा एकच होता. त्याची दुसरी प्रत कोणी घडविली नव्हती! उज्जयिनीची यंत्रे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. अखेर १९२३ मध्ये महाराज माधवराव शिंदे यांनी त्यांचा जीर्णोद्धार केला आणि गणिती गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली येथे पुन्हा वेध घेतले जाऊ लागले. १९४२ पासून येथून पंचांगही प्रसिद्ध होऊ लागले.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, यंत्राला जोड देणे सोपे आहे, माणसाला जोड देणे कठीण. एका जाणत्याजवळची विद्या दहा शिष्यांपाशी पोहोचली, तरच ती काळाच्या तडाख्यातून वाचते. आपण जे शिकलो ते आणखी एकाला तरी शिकवावे, हाच या थोर ज्योतिर्विद राजाच्या चरित्राचा आम्हांस उमगलेला बोध होय.