लोइसबाई विल्सन

भगिनींनो, स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून दे, असे मला सांगण्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. म्हणून जिचे दुःख समजायला पुस्तकी विद्या लागत नाही, अशीच बाई मी निवडली. ती अमेरिकेतली, पण तिचे दुःख आपल्या गल्लीतही आहे. ते म्हणजे नवऱ्याची दारू.

लोइसबाईंचा जन्म ४ मार्च १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील डॉक्टर, घर खाऊनपिऊन सुखी. १९१८ च्या जानेवारीत बिल विल्सन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. बिल हुशार, बोलके, कर्तबगार. पण पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना त्यांना दारूची चव लागली आणि मग ती सुटेना. बाईंच्या पोटी मूल टिकले नाही. प्रेमाने आणि धाकाने आपण नवऱ्याला ताळ्यावर आणू, अशी त्यांची खात्री होती. १९२५ साली तर दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि मोटारसायकलला साइडकार जोडून गावोगाव प्रवास केला. शहराबाहेर राहिले म्हणजे दारू सुटेल, ही बाईंची आशा. पण दारू काही सुटली नाही. १९२९ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत पैसाही गेला. माहेरच्या घरात राहायचे, दिवसभर एका मोठ्या दुकानात विक्रेतीचे काम करायचे आणि घरी येऊन पडलेल्या नवऱ्याला सावरायचे, असा संसार चालला. बिल शपथा घेत आणि मोडत.

डिसेंबर १९३४ मध्ये बिल न्यूयॉर्कच्या टाउन्स इस्पितळात चौथ्यांदा दाखल झाले. त्यानंतर ते पुन्हा कधी प्यायले नाहीत. मे १९३५ मध्ये कामासाठी ते ॲक्रन गावी गेले. काम फसले. हॉटेलात एकटे असताना पिण्याची ओढ अनावर झाली. तेव्हा दारूच्या गुत्त्याकडे न वळता त्यांनी टेलिफोन उचलला, गावातल्या चर्चच्या लोकांना विचारले आणि आपल्यासारखाच पिणारा एक माणूस शोधून काढला. ते डॉक्टर बॉब स्मिथ. त्या भेटीत उपदेश झाला नाही; एका पिणाऱ्याने दुसऱ्याला आपली कर्मकहाणी सांगितली. त्यातूनच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे निनावी मद्यपींची संस्था जन्माला आली.

आता खरी गोष्ट बाईंची. नवरा सुधारला म्हणजे बायको सुखी, असे आपण धरून चालतो. पण एका रविवारी बिल सभेला निघाले आणि त्यांनी बाईंनाही घाई केली, तेव्हा बाईंनी रागाने हातातला बूट भिरकावला. मग त्या स्वतःच चकित झाल्या. इतकी वर्षे आपण झिजलो, आणि जे आपल्याला जमले नाही ते परक्यांनी केले, याचा सल त्यांच्या मनात होता. दारू नवऱ्याची असली तरी दुखणे आपल्यालाही जडले आहे, हे त्यांना त्या दिवशी उमगले.

पुढे १९३९ साली घर गेले. दोन वर्षे ओळखीपाळखीच्यांकडे दिवस काढावे लागले. पण सभा चालू राहिल्या. पुरुष बैठकीत बसत, तेव्हा त्यांच्या बायका बाहेर थांबत, चहाकॉफी करीत, आणि तिथेच त्यांच्या गप्पांतून मने मोकळी होत. १९५१ साली, साठाव्या वर्षी, लोइसबाईंनी एका मैत्रिणीच्या साथीने ८७ ठिकाणी पत्रे पाठवली आणि अशा घरच्या माणसांची संघटना उभी केली. तिचे नाव अल-ॲनॉन. बिल १९७१ मध्ये लग्नाच्या वाढदिवशीच वारले. बाई ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, सत्याण्णव्या वर्षी गेल्या.

या दोन्ही संस्थांच्या सभा आज आपल्याकडेही भरतात. मुंबई-पुण्याकडे मराठीतूनही भरतात. पत्ता व्यसनमुक्ती केंद्रात किंवा सरकारी इस्पितळात विचारावा. फी नाही, एक डबा फिरतो, त्यात ऐच्छिक काय ते टाकावे. आडनाव कोणी विचारत नाही. पहिल्या दिवशी नुसते बसून ऐकले तरी चालते, आणि तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे असते. नवरा येत नसला तरी बायकोने एकटीने जावे. तिची सभा निराळी असते. मात्र फार पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता दारू एकदम बंद करू नये. ते जिवावर बेतू शकते.

आपल्यातही एखादी असेल. हळदीकुंकवाला हसतमुखाने येते, लवकर उठते आणि दार लावून घेते. तिच्या घरचे आवाज आपल्याला ऐकू येतात. आपण मात्र रेडिओ मोठा करतो. भगिनींनो, तिला उपदेश करू नये, चारचौघींत चर्चाही करू नये. सभेचा पत्ता तेवढा काढून द्यावा, आणि पहिल्या दिवशी दारापर्यंत सोबत जावे. ॲक्रनला एका टेलिफोनने काम झाले. आपल्याकडे कदाचित शेजारणीच्या सोबतीनेही होईल.